मुंबई–सिंगापूर विमानाला नेमका किती वेळ लागतो?

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझी आई ७१ वर्षांची आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती एकटी मुंबईहून सिंगापूरला माझ्या भावाकडे जाणार आहे आणि ऑगस्टच्या शेवटी परत येणार आहे. तिकिटावर जाताना रात्री ११.४० ला निघून सकाळी ७.५० ला पोहोचणार असं आहे, म्हणजे ८ तास १० मिनिटं. येताना संध्याकाळी ६.३० ला निघून रात्री ९.३५ ला मुंबईत, म्हणजे जेमतेम ३ तास. इंटरनेटवर अंतर ३,९०० किलोमीटर आणि वेळ ४ तास ५३ मिनिटं दिसते. यातलं खरं काय धरायचं? आणि चेन्नईमार्गे तिकीट स्वस्त मिळतंय, पण त्यानं अंतर फार वाढेल का?"

ताई, आधी तुमच्या काळजीचं उत्तर देतो. आईला जाताना ५ तास ४० मिनिटं लागतील आणि येताना ५ तास ३५ मिनिटं. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. जाताना दिसणाऱ्या ८ तास १० मिनिटांतून अडीच तास वजा करा, येताना दिसणाऱ्या ३ तास ५ मिनिटांत तेवढेच मिळवा. हिशेब जुळतो.

मी बत्तीस वर्षं मुंबईत फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, उंची, वारा, इंधन आणि पर्यायी विमानतळ ठरवून तो कागद वैमानिकापुढे ठेवायचा, हे आमचं काम. सिंगापूरचे फ्लाइट प्लॅन मी इतक्या रात्री काढले आहेत की तो मार्ग डोळे मिटले तरी दिसतो. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

३,९०० हा आकडा बरोबर आहे. पृथ्वीच्या गोलावर सांताक्रूझ–सहार ते चांगी, म्हणजे सिंगापूरचा विमानतळ, असा दोरा ताणून धरला तर तो ३,९०० किलोमीटरच्या थोडा पुढे, ३,९२० च्या आसपास जातो. आम्ही हिशेब नॉटिकल मैलांत करतो, त्यात ते २,१०० च्या आसपास येतं. हा दोरा कुठून जातो ते ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. मुंबईहून तो आग्नेयेला निघतो, पुण्यावरून आणि सोलापुरावरून जातो, म्हणजे सुरुवातीला जवळजवळ आपल्या जुन्या रेल्वेमार्गाच्याच दिशेनं. पुढे आंध्रात ओंगोलच्या आसपास तो किनारा सोडतो. मग बंगालचा उपसागर, निकोबार बेटं, सुमात्राच्या उत्तर टोकाजवळून मलाक्काची सामुद्रधुनी, क्वालालंपूरच्या विमानतळाचा परिसर आणि शेवटी सिंगापूर.

प्रत्यक्ष विमान या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. आकाशात ठरलेले मार्ग असतात, त्यांवर नावं दिलेले बिंदू असतात आणि विमान एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूकडे जातं. उड्डाणानंतर मुंबईच्या रहदारीतून बाहेर पडायला एक वळसा, उतरताना चांगीच्या रांगेत शिरायला दुसरा. वाटेत मुंबई, चेन्नई, क्वालालंपूर आणि सिंगापूर अशा वेगवेगळ्या नियंत्रण कक्षांच्या हद्दी लागतात. कधी बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्र चाचणीसाठी आकाशाचा मोठा पट्टा काही तास बंद ठेवतात. तशी सूचना आधी येते, आणि त्या रात्री मार्ग दक्षिणेला सरकवून इंधन वाढवावं लागतं. प्रवाशाला यातलं काहीच कळत नाही, फक्त विमान वीस मिनिटं उशिरा उतरतं.

आता ती ४ तास ५३ मिनिटं. ३,९०० ला ८०० नं भागून पाहा. उत्तर तेवढंच येतं. अंतर दाखवणाऱ्या बऱ्याच साइट ताशी ८०० किलोमीटर असा एक सरासरी वेग धरून भागाकार करतात. तो आकडा खोटा नाही, पण त्यात वारा नाही, धावपट्टीपर्यंतचं रखडणं नाही आणि उतरण्याची रांग नाही. त्याच्या भरवशावर कुणाला चांगीवर घ्यायला बोलावू नका.

तिकिटावरची वेळ वेगळ्या पद्धतीनं ठरते. तिला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. विमानाच्या चाकांपुढचे अडसर काढून ते जागेवरून हललं की हे घड्याळ सुरू होतं, आणि दुसऱ्या विमानतळावर उभं राहून चाकांना पुन्हा अडसर लागले की थांबतं. म्हणजे हवेतल्या वेळेत दोन्हीकडचं जमिनीवरचं फिरणंही आलं. मुंबईत हे फिरणं मोठं असतं. आपल्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत आणि बहुतेक सगळा भार एकाच मुख्य धावपट्टीवर पडतो. रात्री अकरा ते दोन ही परदेशी विमानांच्या गर्दीची वेळ. दार ११.४० ला बंद झालं आणि विमान हललं, तरी प्रत्यक्ष उड्डाण बाराच्या सुमारास झालं तर आईनं घाबरू नये. ती वीस मिनिटं वेळापत्रकात आधीच धरलेली असतात.

वाऱ्याबद्दल मात्र नीट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण मुंबई–सिंगापूर मार्गाचं सगळं वेगळेपण त्यातच आहे.

बऱ्याच लोकांना वाटतं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेला जाताना वेळ कमी-जास्त होतो. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या गाडीच्या डब्यात तुम्ही पुढे चाला की मागे, चालायला लागणारा वेळ तोच असतो, तसंच हे. फरक पडतो तो हवेच्या स्वतःच्या वाहण्यानं. दिल्लीहून जपानला जाणारी विमानं हिवाळ्यात झपाट्यानं पोहोचतात आणि परतताना रेंगाळतात, कारण उत्तरेकडे वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा जोरदार जेट प्रवाह असतो. त्यावरून लोक सरसकट नियम करतात की पूर्वेला जायला वेळ कमी लागतो.

आपल्या मार्गाला तो नियम पावसाळ्यात उलटा पडतो. जून ते सप्टेंबर खाली जमिनीलगत नैर्ऋत्येचा वारा पाऊस घेऊन येत असतो, पण त्याच वेळी दक्षिण भारताच्या वर, विमानांच्या उंचीवर आणि त्याहून वर, वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. याला उष्णकटिबंधीय पूर्वीय जेट प्रवाह म्हणतात. तिबेटचं पठार उन्हाळ्यात तापतं, त्याच्यावरची हवा गरम होते आणि दक्षिणेकडच्या समुद्रावरची हवा त्या मानानं थंड राहते. या तफावतीतून हा प्रवाह उभा राहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा सविस्तर अभ्यास मांडला आणि पुढे ते भारतीय हवामान विभागाचे महासंचालक झाले. जगभरच्या हवामानशास्त्रात आज हा प्रवाह शिकवला जातो. डिस्पॅचच्या टेबलावर जुलैतला वाऱ्याचा नकाशा उघडला की मला दर वर्षी त्यांची आठवण व्हायची.

त्याचा वेळेवर परिणाम किती? समजा विमानाचा हवेतला वेग ताशी ८४० किलोमीटर आहे. वाराच नसेल तर ३,९०० किलोमीटरला साधारण ४ तास ३९ मिनिटं लागतात. संपूर्ण मार्गावर सरासरी ताशी ५५ किलोमीटरचा वारा समोरून आला तर ४ तास ५८ मिनिटं. तोच वारा पाठीमागून मिळाला तर ४ तास २१ मिनिटं. जाण्या-येण्यात ३७ मिनिटांचा फरक पडला, तोही अंतर तेच असताना. म्हणून आम्ही डिस्पॅचवाले नकाशावरच्या अंतराइतकंच 'हवेतलं अंतर' बघतो, म्हणजे वारा धरून विमानाला प्रत्यक्षात किती हवा कापावी लागेल ते. समोरून वारा असलेल्या रात्री आमच्या लेखी सिंगापूर खरोखर लांब गेलेलं असतं, आणि त्या लांबीइतकं इंधन भरावं लागतं.

मग तुम्ही म्हणाल की येताना वारा पाठीशी असेल, तर तिकिटावर फक्त पाचच मिनिटं कमी का? एक तर वेळापत्रक महिन्यावार बदलत नाही. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत चालतं. त्यात एप्रिलचा वाराही धरावा लागतो आणि ऑगस्टचाही. दुसरं कारण मुंबईच आहे. रात्री साडेनऊच्या सुमाराला आपल्या आकाशात उतरणाऱ्या विमानांची रांग असते. त्यात ऑगस्टचा पाऊस आला, दृश्यमानता घसरली, की दोन विमानांमधलं अंतर वाढवतात आणि मागची विमानं आकाशात गिरक्या घेत थांबतात. सिंगापूरहून निघालेलं विमान वाऱ्याच्या जोरावर लवकर येतं आणि मिळवलेली मिनिटं मुंबईजवळ खर्च करतं.

अशा गिरक्या चालू असल्या की घरचे लोक फोनवर नकाशात ते गोल बघून हवालदिल होतात. कृपया होऊ नका. प्रत्येक विमानात पोहोचण्यापुरतं इंधन असतंच, शिवाय वाटेतल्या अनपेक्षित खर्चासाठी वेगळं, पर्यायी विमानतळापर्यंत जायला वेगळं, आणि त्याहीनंतर तीस मिनिटं थांबता येईल इतकं अखेरचं राखीव वेगळं. मुंबईसाठी पर्याय म्हणून आम्ही हवामान बघून अहमदाबाद, नागपूर, गोवा, हैदराबाद यांतला विमानतळ निवडायचो. पावसाळ्यात दोन-दोन पर्याय धरून इंधन भरलेलं आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात आपला विमानतळ बंद पडला होता. तेव्हापासून जुलैचा पाऊस हा शब्द आम्ही हलक्यात घेतलेला नाही.

आता त्या अडीच तासांकडे परत येतो, कारण आईच्या झोपेचा आणि औषधांचा प्रश्न त्याच्याशी बांधलेला आहे. मुंबई आणि सिंगापूर यांच्यात रेखांशाचं अंतर साधारण ३१ अंश. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं फरक दोन तास आणि थोडी मिनिटं. घड्याळं मात्र अडीच तास दाखवतात. १९८१ च्या अखेरपर्यंत सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा बरोबर दोन तासच पुढे होती. मलेशियानं आपल्या दोन्ही भागांसाठी एकच वेळ ठरवली, तेव्हा सिंगापूरनंही १ जानेवारी १९८२ पासून घड्याळ अर्धा तास पुढे नेलं. म्हणून तिथे वर्षभर सकाळी सातच्या आसपास उजाडतं. आपणही यातून गेलो आहोत. भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईची स्वतःची वेळ ३९ मिनिटं मागे चालायची आणि ती १९५५ पर्यंत शहरात टिकून होती. माझे आजोबा गिरगावातल्या घरी दोन्ही वेळांचा उल्लेख करायचे.

आई सकाळी ७.५० ला उतरेल तेव्हा तिच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे ५.२० वाजलेले असतील. मध्यरात्री खाणं, मग जेमतेम साडेतीन तासांची डुलकी आणि लगेच लांबच लांब चालणं. एकाहत्तराव्या वर्षी हे सोपं नाही. आजच विमान कंपनीला फोन करून व्हीलचेअर नोंदवा. आई चांगली चालती असली तरी नोंदवा. मुंबईचं टी२ (टर्मिनल २) आणि चांगी, दोन्हीकडे चालण्याचं अंतर खूप आहे, शिवाय सोबत माणूस असला की इमिग्रेशनच्या रांगेत तिला एकटं वाटणार नाही. रक्तदाब, मधुमेह यांची औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. इन्सुलिन घेत असेल तर अडीच तासांच्या फरकाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ते मी सांगण्याचं काम नाही.

आणि बसल्या जागी पट्टा कायम बांधलेला असू दे, पट्ट्याच्या सूचनेचा दिवा बंद असला तरी. हे मी आग्रहानं सांगतो. बंगालच्या उपसागरावर पावसाळ्यात ढगांचे मनोरे विमानाच्या उंचीच्याही वर जातात. वैमानिक रडारवर बघून त्यांना वळसा घालतात, पण प्रत्येक धक्का आधी दिसतोच असं नाही. २१ मे २०२४ ला, लंडनहून सिंगापूरला चाललेल्या विमानाला म्यानमारच्या इरावती खोऱ्यावर अचानक जबर धक्के बसले. एक प्रवासी दगावले, अनेक जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. जखमी झालेल्यांत पट्टा न बांधलेले बरेच होते. आईला पांघरुणाच्या वरून पट्टा लावायला सांगा, म्हणजे तपासायला तिची झोपमोड करणार नाहीत.

पहाटे-सकाळी सिंगापुरात आणखी एक गोष्ट घडते. सुमात्रावर रात्री तयार झालेली वादळी ढगांची रांग सामुद्रधुनी ओलांडून येते आणि पहाटेपासून दुपारपर्यंत केव्हाही सिंगापूरवरून जाते. तिथले लोक तिला सुमात्रा स्क्वॉल म्हणतात. तास-दोन तासांत सगळं निवळतं, पण त्या वेळात उतरणारी विमानं थांबवून ठेवतात. भावाला सांगा, ७.५० म्हणजे ८.३० धरायचे, आणि इमिग्रेशन, सामान धरून आई बाहेर दिसायला नऊ.

आता चेन्नई. इथे अंतरानं लोक हमखास फसतात. मुंबई ते चेन्नई सुमारे १,०३० किलोमीटर, चेन्नई ते सिंगापूर सुमारे २,९२५. बेरीज ३,९५५ च्या घरात, म्हणजे सरळ मार्गापेक्षा ४० किलोमीटरही जास्त नाही. चेन्नई जवळजवळ वाटेवरच आहे. पण वेळ? मुंबई–चेन्नई जवळपास दोन तास, चेन्नई–सिंगापूर सव्वाचार ते साडेचार तास, आणि मध्ये देशांतर्गत टर्मिनलवरून आंतरराष्ट्रीयला जाणं, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी. तीन तासांपेक्षा कमी अंतराची जोडणी मी माझ्या घरच्यांसाठी कधीच घेतली नाही. दोन उड्डाणं, दोन चढउतार आणि अर्ध्या रात्रीची बाकड्यावरची बैठक. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर नसतील तर पहिलं विमान उशिरा आल्यास दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. एकदा माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झालं. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली होती, पहिलं विमान पावसानं दीड तास उशिरा पोहोचलं आणि तिला ती रात्र विमानतळावर काढून दुसऱ्या दिवशीचं तिकीट पूर्ण भावानं घ्यावं लागलं. तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. आईला थेट विमानानंच पाठवा. चार-पाच हजार जास्त गेले तर जाऊ देत.

डोंबिवलीचा हिशेबही यात धरायला हवा. विमान रात्री ११.४० चं, त्यामुळे साडेआठला टी२ वर पोहोचायचं. आधी तिकिटावरचा कोड बघून घ्या. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे, आणि डोंबिवलीहून दोघांकडे जाणारे रस्ते वेगळे. बीओएम म्हणजे आपला जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. जुलैत संध्याकाळी डोंबिवलीहून अंधेरीकडे येताना पाऊस असेल तर दोन तासही अपुरे पडतात, म्हणून साडेपाचला घर सोडा. आता बेरीज करून बघा. घराच्या उंबऱ्यापासून भावाच्या उंबऱ्यापर्यंत तेरा-चौदा तास जातात, त्यांतले हवेतले पाच. आईला सांगताना "पाच तासांचा प्रवास" असं सांगू नका, नाहीतर ती दुपारचं जेवण करून तशीच निघेल. सोबत दशमी-चटणी, थोडा सुका खाऊ असू दे. फक्त उतरण्याआधी उरलेलं संपवायचं किंवा टाकायचं, कारण खाद्यपदार्थ नेण्यावर तिथे निर्बंध आहेत.

व्हिसा झाला असेलच. त्याशिवाय एसजी अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोहोचण्याचा दिवस धरून तीन दिवस आधीपासून ते ऑनलाइन भरता येतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे, बंद करा. तुम्हीच भरून एक छापील प्रत आईच्या पासपोर्टमध्ये ठेवा.

जागा निवडताना जातानाची वेगळी आणि येतानाची वेगळी निवडा. जाताना रात्र आहे, बाहेर अंधार आणि समुद्र, तेव्हा मधल्या वाटेलगतची जागा घ्या म्हणजे उठताना कुणाची परवानगी लागणार नाही. येताना मात्र खिडकी घ्या, आणि डाव्या बाजूची. ऑगस्टअखेर सिंगापुरात साधारण सात-सव्वासातला सूर्य मावळतो आणि विमान नुकतंच वर चढलेलं असेल. ते वायव्येला येतं, म्हणून पश्चिम डावीकडे राहते. शिवाय विमान सूर्याच्याच दिशेनं पळत असतं, त्यामुळे मावळतीला नेहमीच्या दीडपटीहून जास्त वेळ लागतो. ढग मध्ये आले नाहीत तर मलाक्काच्या सामुद्रधुनीवर ती लाली आईला बराच वेळ दिसत राहील.